दुखतं, हे माहीत होतं

संग्रहालयातल्या त्या दालनात दिवे मुद्दाम मंद ठेवले होते. जुन्या रेशमाला उजेड सोसत नाही. काचेच्या पेटीत बुटांचा एक जोड होता. गडद निळं रेशीम, त्यावर कमळाच्या पाकळ्या आणि एक फुलपाखरू, भरतकाम इतकं बारीक की डोळे अगदी जवळ नेल्याशिवाय टाके दिसू नयेत. टाचेपाशी रंग विटलेला, कडेला पिवळट डाग. माझ्या पुढे सहा-सात वर्षांची एक मुलगी आईबरोबर उभी होती. तिने काचेवर तळहात टेकवला, बोटं ताणली, तर बूट तिच्या पंजाएवढाही भरेना. "बाहुलीचा आहे?" तिने विचारलं. आईने खालची पाटी वाचली, जरा थांबली आणि म्हणाली, "नाही गं, मोठ्या बाईचा आहे. चीनमध्ये पूर्वी लहानपणीच पाय बांधून टाकायचे, वाढू नयेत म्हणून." मुलीने हात झटकन मागे घेतला. "मग त्यांना कोणी सांगितलं नाही का, की दुखतं?" आई काही बोलली नाही. तिने मुलीचा खांदा हलकेच पुढच्या दालनाकडे वळवला. मी मात्र तिथेच रेंगाळले, आणि तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

कारण ज्यांना सांगायचं त्यांना ते सगळ्यात जास्त माहीत होतं. मुलगी पाच-सात वर्षांची झाली की पाय बांधायला घ्यायचे. अंगठा सोडून चारही बोटं तळव्याखाली दुमडायची, टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढायचे आणि कापडाच्या लांब पट्टीने करकचून आवळायचं. काही दिवसांनी पट्टी सोडायची, पाय धुवायचा, कुजलेली कातडी काढायची, आणि पुन्हा बांधायचं, आधीपेक्षा घट्ट. तळव्याची कमान मोडेपर्यंत, दोन-तीन वर्षं. हे करणारे हात बहुतेक घरांत आईचे असायचे, नाहीतर आजीचे. त्या हातांच्या मालकिणीचे स्वतःचे पाय तसेच बांधलेले. तिला ते दुखणं कोणत्या दिवशी कुठे सुरू होतं आणि रात्री कोणत्या प्रहराला असह्य होतं हे पाठ होतं. मुलीचं रडणं ऐकत ती शेजारीच निजायची आणि सकाळी उठून पट्टी आवळायची. तिच्यात प्रेम कमी होतं असं मानायला मी तयार नाही. प्रेम होतं म्हणूनच ती आवळत होती. मोठ्या पायांच्या मुलीला चांगलं स्थळ मिळत नव्हतं, आणि स्थळ मिळालं नाही तर मुलीचं पुढे काय होतं, हे तिने आजूबाजूला पाहिलेलं होतं.

आणि सांगितलंही होतं.

तेराव्या शतकात, सुंग राजवटीच्या उतरत्या काळात, चे रुओशुई नावाच्या विद्वानाने लिहून ठेवलं की चार-पाच वर्षांच्याही न झालेल्या, काहीही गुन्हा न केलेल्या पोरींना हा अपार त्रास का द्यायचा, याचा उपयोग तरी काय, हे मला कळत नाही. ही टीका आज वाचली तरी जुनी वाटत नाही. त्या मुलीने काचेपुढे विचारलं त्याच्याशी तिचं जवळचं नातं आहे. मग १६६०च्या दशकात कांगशी सम्राटाच्या दरबाराने पाय बांधण्यावर बंदी घातली. काही वर्षांतच ती मागे घ्यावी लागली. मांचू वंशाचे हे राज्यकर्ते स्वतः मुलींचे पाय बांधत नव्हते, बहुसंख्य हान प्रजा बांधत राहिली. तर्क होता, करुणा होती, राजाज्ञाही होऊन गेली होती. प्रथेला ओरखडा उठला नाही. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जिथे सहा-सातशे वर्षांत काही झालं नव्हतं तिथे, एका पिढीत बहुतेक सगळं संपलं.

असं काय झालं त्या एका पिढीत?

या कोड्यात मनापासून शिरलेले एक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, क्वामे अँथनी अ‍ॅपिया. जन्म १९५४चा, लंडनचा. वाढले घानातल्या कुमासी शहरात. वडील घानाचे वकील आणि राजकारणी, आई इंग्रज. आणि आईचे वडील म्हणजे सर स्टॅफर्ड क्रिप्स, १९४२ साली योजना घेऊन हिंदुस्थानात आलेले तेच, शाळेच्या इतिहासात आपण ज्यांच्यावर टिपा लिहिल्या. हे कळलं तेव्हा मला उगीचच जवळीक वाटली. नीतीचा अभ्यास करणारे तत्त्वज्ञ सहसा एखादी कृती योग्य की अयोग्य, आणि का, हे तपासतात. अ‍ॅपियांनी २०१०च्या आपल्या पुस्तकात दुसराच रस्ता धरला. जगातून नाहीशा झालेल्या काही अनिष्ट प्रथा घेतल्या आणि विचारलं, ही प्रथा चूक आहे हा युक्तिवाद लोकांना कधी कळला, आणि ती प्रत्यक्षात कधी संपली? दोन्ही तारखांमध्ये प्रचंड अंतर निघालं. युक्तिवाद आधीच तयार होते, कित्येकदा शतकानुशतकं. म्हणजे प्रथा संपवणारी गोष्ट नवा युक्तिवाद असू शकत नाही. मग माणसाच्या मनात त्या वेळी हललं तरी काय? इथे तत्त्वज्ञानाला मानसशास्त्राचं आणि इतिहासाचं बोट धरावंच लागतं.

त्यांचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. २१ मार्च १८२९, सकाळची वेळ, लंडनजवळचं बॅटरसीचं मैदान. ड्यूक ऑफ वेलिंग्टन, नेपोलियनला वॉटर्लूत हरवलेला सेनापती आणि आता इंग्लंडचा पंतप्रधान, वय एकोणसाठ, पिस्तूल घेऊन उभा आहे. समोर अर्ल ऑफ विंचिल्सी. कॅथलिकांना राजकीय हक्क देण्याच्या कायद्यावरून विंचिल्सीने वेलिंग्टनच्या हेतूंवर जाहीरपणे शंका घेतली होती. मैदानात प्रतिस्पर्ध्याला एका चराच्या काठावर उभं केलेलं पाहून वेलिंग्टन म्हणाला म्हणे, त्याला तिथे नको, गोळी लागली तर चरात पडेल. त्याची गोळी बाजूने गेली. विंचिल्सीने हवेत गोळी झाडली आणि मग लेखी माफी मागितली. द्वंद्वात माणूस मेला तर कायद्याने तो खून ठरत होता, आणि देशाचा कायदा चालवणारा मुख्य माणूस भल्या सकाळी तो मोडायला गेला होता. धर्म विरोधात, कायदा विरोधात, आणि अक्कल तर विरोधात होतीच, कारण नेम चांगला असल्याने कुणाचं म्हणणं खरं ठरत नाही. हे सगळं वेलिंग्टनला ठाऊक होतं. तरी तो गेला, कारण न जाता त्याच्या बरोबरीच्या माणसांत तोंड दाखवणं त्याला शक्य नव्हतं.

पुढच्या पंचवीस-एक वर्षांत इंग्लंडमधून द्वंद्व नाहीसं झालं. अ‍ॅपिया म्हणतात, त्यात कुणाला नवं नीतितत्त्व सापडलं नव्हतं. इज्जतीचं माप बदललं. सरदारांचा समाजावरचा पगडा ढिला होत चालला होता. वर्तमानपत्रं घरोघर जात होती, बॅटरसीच्या प्रसंगावर व्यंगचित्रांचा पाऊस पडला. मधल्या वर्गातले लोकही द्वंद्वाची हौस करू लागले, तशी सरदारांना त्यातली शान वाटेनाशी झाली. ज्या गोष्टीसाठी लोक मान द्यायचे तिच्यासाठी ते हसू लागले, आणि गोळीला न भ्यालेली माणसं हसण्याला भ्याली.

हे वाचल्यावर माझं मन खट्टू झालं, ते अजूनही पुरतं सावरलेलं नाही. मला वाटत आलं होतं की समाज सुधारतो तो कुणाच्या तरी दुःखाने काळजाला पीळ पडतो म्हणून. अ‍ॅपियांचं म्हणणं असं की करुणा आणि तर्क लागतातच, पण ते सरपणासारखे पडून राहतात. ठिणगी पडते ती मानापमानाच्या जाणिवेची. ज्यांच्या नजरेत आपल्याला किंमत हवी असते, त्यांच्या नजरेत आपण खाली उतरतो आहोत, हे कळलं की माणूस हलतो. ते मानाला तुच्छ लेखत नाहीत. आपल्याला आदरास पात्र व्हायचं असतं ही त्यांच्या मते माणसातली फार खोल आणि बहुतांशी चांगली ओढ आहे. मला हे पटतं, आणि तरी बोचतं. पाच वर्षांच्या मुलीचं रडणं सहाशे वर्षं पुरलं नाही, आणि परकी माणसं हसतात हे मात्र पुरलं?

कांग यौवेई या सुधारकाने १८९८ साली सम्राटाला जो अर्ज लिहिला त्यात नेमकं हेच आहे. आपल्या बायकांच्या पायांमुळे आपण जगात चेष्टेचा विषय झालो आहोत, असं त्याने स्पष्ट लिहिलं. अफूच्या युद्धांत चीनची मान खाली गेली होती, १८९५ला जपानकडून हार झाली होती. आपण जगाचं केंद्र आहोत असं मानणाऱ्या सुशिक्षित वर्गाला आता बाहेरच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहावं लागत होतं. कांग केवळ अर्जबहाद्दर नव्हता. त्याने स्वतःच्या मुलींचे पाय बांधू दिले नाहीत, घरच्या बायकांचा आणि गावाचा रोष पत्करून. त्याआधी १८७०च्या दशकात श्यामेन बंदरात मिशनऱ्यांच्या पुढाकाराने थोड्या बायकांनी एकत्र येऊन पाय न बांधण्याची शपथ घेतली होती. १८९५ला शांघायमध्ये अलिशिया लिट्ल या इंग्रज बाईंनी मोठी संस्था काढली. आणि अशा अनेक संस्थांच्या शपथेत एक कलम होतं, ज्याच्यापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते.

शपथ दुहेरी होती. आम्ही आमच्या मुलींचे पाय बांधणार नाही, हा एक भाग. आमच्या मुलांसाठी पाय बांधलेली सून करणार नाही, हा दुसरा.

या दुसऱ्या भागाचं मोल जेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६ साली उलगडून दाखवलं. एकट्या आईला हे थांबवणं अशक्य होतं, कारण तिने थांबवलं तर तिची मुलगी एकटी पडणार. तिला जाणीव करून देऊन काही साधत नव्हतं. तिला जाणीव होतीच. तिला हवी होती ती खात्री, की शेजारणीही थांबताहेत आणि शेजारणींचे मुलगे माझ्या मुलीशी लग्न करणार आहेत. एकमेकांच्या घरात सोयरीक होऊ शकेल अशी पुरेशी घरं शपथेत आली की प्रेमाच्या गळ्यावरचा हात निघतो. ज्या आईला काल पट्टी आवळणं हे प्रेम वाटत होतं, तिला आज पट्टी फेकून देणं हे प्रेम वाटू शकतं, आणि तिच्या स्वभावात तसूभरही फरक पडलेला नसतो. सिडनी गँबल यांनी पेकिंगच्या दक्षिणेला दोनशे किलोमीटरवरच्या तिंगश्येन भागातले आकडे छापले आहेत. हा मुलूख खेड्यांचा, जुन्या वळणाचा. १८९०पूर्वी जन्मलेल्या बायकांत शेकडा ९९ जणींचे पाय बांधलेले होते. १९१९नंतर जन्मलेल्या मुलींत एकीचेही नाहीत. एकाच घरात आजी, आई आणि नात, तिघींचे पाय तीन काळांतले.

सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही, हेही सांगायला हवं. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या दोघींनी खेड्यांतल्या हजारो वृद्ध बायकांच्या मुलाखतींवरून मांडलं की पाय बांधलेली मुलगी घरात एका जागी बसून सूत कातायची, विणायची, आणि गिरणीच्या सुताने ते काम काढून घेतलं तेव्हा प्रथेचा पायाच गेला. मला यात तथ्य दिसतं. पोटाचं गणित बदलल्याशिवाय मानाचं गणित इतक्या झपाट्याने बदललं नसतं असं वाटतं. पण नुसत्या पोटाने ब्रिटनमधल्या गुलामीविरोधी चळवळीचा उलगडा होत नाही. १७९२ या एका वर्षात पार्लमेंटकडे ५१९ अर्ज गेले. त्यांवर सह्या करणाऱ्यांत असंख्य कारागीर आणि कामगार होते, ज्यांना त्यातून एक पै मिळणार नव्हती. अ‍ॅपियांचं निरीक्षण असं की हाताने काम करणं म्हणजे हलकेपणा, ही गुलामीने जगभर पसरवलेली समजूत त्या कामगारांना स्वतःचा अपमान वाटू लागली होती. ज्याच्या हातांना घट्टे आहेत त्याला मळ्यातल्या साखळदंडात स्वतःची अब्रू अडकलेली दिसली. इथे मान आणि करुणा एकत्र आले, आणि हा भाग वाचताना माझ्या मनातला कडवटपणा बराच निवळला.

दुसऱ्यांच्या मनात काय आहे याबद्दलचा आपला अंदाज किती चुकतो, हे अलीकडच्या एका प्रयोगात फार स्वच्छ दिसलं. रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना एकांतात विचारलं, बायकांनी घराबाहेर नोकरी करायला हरकत आहे का? शेकडा ८७ जणांनी हरकत नाही असं सांगितलं. पण तुमच्या आसपासच्या इतर पुरुषांना काय वाटत असेल, असं विचारल्यावर चारांतल्या तिघांनी पाठिंब्याचा आकडा खऱ्यापेक्षा कमी धरला. त्यांतल्या काहींना खरा आकडा सांगितला, एवढंच. काही महिन्यांनी त्यांच्या घरातल्या बायकांनी नोकरीसाठी अर्ज केल्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हे २०२० साली प्रसिद्ध झालं. प्रत्येक जण आपल्या उंबऱ्याशी उभा राहून, शेजाऱ्याला काय वाटेल म्हणून दार उघडत नव्हता, आणि शेजारीही त्याच कारणाने दाराआड.

पण मानाच्या जोरावर घडलेल्या बदलाचा हिशेब कोण चुकतं करतं? याबद्दल अ‍ॅपियांपेक्षा मी अधिक अस्वस्थ आहे. वारं फिरलं तेव्हा ज्यांचे पाय आधीच मोडलेले होते त्या बायकांचं काय झालं, ते पाहा. काल ज्या पायांमुळे त्यांना स्थळ मिळालं, तेच पाय आज देशाची लाज ठरले. शान्शी प्रांतात येन शीशान या लष्करी सत्ताधीशाने तपासनीस नेमले, दंड लावले. परके अधिकारी घरात येऊन पाय सोडायला लावत. आणि वर्षानुवर्षं बांधलेला पाय सोडणं हेसुद्धा यातनेचंच काम; हाडं एकदा त्या आकाराला बसली की सरळ होत नाहीत, पट्टीच्या आधाराशिवाय चालणं आणखी कठीण होतं. लहानपणी मोठ्या पायांची लाज दाखवून ज्यांना बांधलं, त्यांनाच म्हातारपणी लहान पायांची लाज दाखवून सोडवलं. त्यांची संमती दोन्ही वेळा कुणी विचारली नाही. या बायका पुढे कित्येक दशकं जगल्या. हार्बिनमधला एक कारखाना त्यांच्यासाठी १९९०च्या दशकापर्यंत चिमुकले बूट बनवत होता.

लाज हे हत्यार दोन्हीकडे चालतं, आणि त्याला धार लावणाऱ्याला ते आवरता येतंच असं नाही. अ‍ॅपियांनी स्वतः एका प्रकरणात हे दाखवलं आहे. १९९९ साली लाहोरमध्ये घटस्फोट मागणारी एक तरुणी तिच्या वकिलाच्या कार्यालयात आईला भेटायला तयार झाली. आईबरोबर आलेल्या माणसाने तिला गोळी घातली. घराण्याची अब्रू राखण्यासाठी. म्हणजे वेलिंग्टनला मैदानात नेणारी आणि कांग यौवेईला लेखणी उचलायला लावणारी जी ओढ, तिनेच ही हत्याही करवली. अ‍ॅपियांचं उत्तर असं, की ही ओढ काढून टाकता येत नाही, तिला वळण लावता येतं. मुलीला मारण्यातच घराण्याची बेअब्रू आहे असं जेव्हा त्या घराण्याला मान देणारेच म्हणू लागतील, तेव्हा ते थांबेल. मी मान्य करते. फक्त एक जोड द्यावीशी वाटते. ज्यांच्या अंगावर ती प्रथा घडून गेली आहे त्यांना त्या मान देणाऱ्यांत बसवलं पाहिजे, आणि तेही आधी. त्यांना बाहेर ठेवून केलेली सुधारणा त्यांनाच पुन्हा तुडवते.

अ‍ॅपियांनी पुढच्या पिढ्या आपल्याला कशासाठी दोष देतील याचाही विचार केला आहे. अशा प्रथेच्या त्यांनी तीन खुणा सांगितल्या. तिच्याविरुद्धचे युक्तिवाद आपण आधीच ऐकलेले असतात. तिची बाजू घेणारे नीतीचं उत्तर देत नाहीत. रीत आहे, माणसाचा स्वभाव आहे, नाइलाज आहे, एवढंच म्हणतात. आणि आपण तिच्याकडे बघायचं टाळतो. या खुणा लावून त्यांनी यादी केली, त्यात तुरुंग आहेत, कारखान्यांसारखी चालणारी पशुपालन केंद्रं आहेत, पर्यावरण आहे. आणि आहेत म्हातारी माणसं, घरच्यांपासून तुटून संस्थांमध्ये एकाकी ठेवलेली.

या यादीतली म्हातारी माणसं मला सोडत नाहीत. तिथे खलनायक सापडत नाही. तिथे ठेवणारी मुलं बहुतेक प्रेमळ असतात, भेटून निघताना जिन्यात थांबून डोळे पुसतात. नोकरीच्या वेळा, घराची जागा, भावंडांमधलं अंतर, सगळी कारणं खरी असतात. एखाद्या घराने एकट्याने वेगळं ठरवलं तर त्या घरातली एक व्यक्ती, आणि ती बहुतेक वेळा कोण असते हे सगळ्यांना माहीत आहे, आपली नोकरी आणि तब्येत घालवून ते निभावते. म्हणजे एकट्या आईने पट्टी सोडण्यासारखंच. तिला दोष देऊन, संस्कारांच्या गोष्टी ऐकवून काहीही हलणार नाही, उलट लाजेचं ओझं पुन्हा तिच्याच पाठीवर पडेल. मग इथली दुहेरी शपथ कोणती? कुणी कुणाबरोबर घ्यायची, नोकरी देणाऱ्यांचा त्यात वाटा काय, भावांचा काय, शेजाऱ्यांचा काय, आणि त्या म्हाताऱ्या माणसांनी स्वतः त्यात कोणतं कलम घातलं असतं? चीनमधल्या त्या संस्थांना निदान आपला मसुदा सापडला होता. आपला अजून कुणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही, आणि तो लिहायला बसताना पहिला प्रश्न त्यांनाच विचारायला हवा जे आत्ता खिडकीपाशी बसवलेले आहेत.